घरच्या घरी केसांची नैसर्गिक निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतील बचत गटांच्या बैठकींत शिकेकाई, तेल आणि मेंदी यांविषयी बोलताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रमाणे आणि कृती मी स्वतः वापरत असलेल्या आहेत. जेथे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

घरगुती उपायांनी केस खरोखर वाढतात का?

या प्रश्नाचे उत्तर आधी नीट समजून घेतले, तर पुढची बरीचशी निराशा आणि खर्च वाचतो. डोक्याच्या त्वचेबाहेर आलेला केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो. त्याला तेल, आवळा किंवा दही लावले तरी तो ते ‘खात’ नाही. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ, आणि त्या मुळाला पोषण मिळते ते रक्तातून. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळून पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो. म्हणूनच दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे आजाराचे लक्षण नाही.

मग आपण हे सारे कशासाठी करायचे? कारण केस तुटणे आणि केस गळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षाला बारा सेंटिमीटर वाढणारा केस टोकाकडून तेवढाच तुटत असेल, तर वेणी आहे तेवढीच राहते. घरगुती उपाय हे तुटणे कमी करतात, डोक्याची त्वचा स्वच्छ ठेवतात, केस मऊ करतात आणि रंगवतात. वाढ होते ती आपोआप, आपण ती टिकवतो. एवढे साधले तरी एका वर्षात वेणीच्या लांबीत फरक दिसतो, हे मी अनेक मुलींच्या बाबतीत पाहिले आहे.

साहित्य कोल्हापुरात कोठे मिळते आणि चांगले कसे ओळखावे?

शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि वाळा या वस्तू काष्ठौषधी विकणाऱ्या कोणत्याही जुन्या दुकानात मिळतात. जास्वंद, कोरफड आणि कढीपत्ता बहुतेकांच्या परसात किंवा कुंडीत असतोच, आणि ताजी मेथी वा कांदा घ्यायला कपिलतीर्थ मंडई आहे. शिकेकाई ही सह्याद्रीतील काटेरी वेल असून गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यातील जंगलांत ती आढळते. त्या बाजूचे कोणी नातेवाईक असतील, तर त्यांच्याकडून शेंगा मागवाव्यात, मात्र अभयारण्याच्या हद्दीतून काहीही तोडून आणू नये.

वस्तू नेहमी अख्खी घ्यावी, भुकटी घेऊ नये, हा माझा आग्रह आहे. शिकेकाईची शेंग तपकिरी, सुरकुतलेली आणि मोडताना कडक आवाज करणारी असावी. हाताला मऊ लागली किंवा कुबट वास आला तर ती ओल धरलेली आहे असे समजावे. रिठा फोडून पाहावा. त्याची साल आतून चिकट आणि किंचित पारदर्शक असते, आणि ओल्या बोटांवर चोळताच फेस येतो. तयार भुकटीत काय दळले आहे, हे डोळ्यांनी कळत नाही.

शिकेकाईची पूड घरी कशी करावी?

हे काम उन्हाळ्याचे आहे. ज्या दिवसांत आपण चटणीसाठी मिरच्या वाळवतो, त्याच चैत्र-वैशाखाच्या उन्हात शिकेकाई वाळवावी, कारण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की कोल्हापूरच्या हवेत कोणतीही पूड आठवड्याभरात गोळा होते. अर्धा किलो शिकेकाई, १०० ग्रॅम रिठ्याची साल, १०० ग्रॅम आवळकाठी, ५० ग्रॅम मेथीदाणे, ५० ग्रॅम नागरमोथा आणि ५० ग्रॅम कपूरकाचरी हे प्रमाण खांद्याखाली केस असलेल्या एका व्यक्तीला सहा-सात महिने सहज पुरते. जास्वंदीची फुले आणि संत्र्याची साल घालायची असेल, तर ती सावलीत वाळवून मूठ-मूठभर घालावी. रिठ्यातील काळी बी काढून टाकलीच पाहिजे. शिकेकाईतील बिया काढल्या तर उत्तम, कारण फेस देणारा भाग सालीत असतो.

सगळे जिन्नस दोन-तीन कडक उन्हे देऊन, हाताने मोडतील इतके वाळले की दळावेत. येथे एक गोष्ट कळकळीने सांगते. कांडप यंत्रावर शिकेकाई न्यायची असेल, तर ती कधीही मिरचीच्या हंगामात, मिरचीच्या घाण्यानंतर कांडून घेऊ नका. काही वर्षांपूर्वी मी अशीच घाईने पूड करून आणली. यंत्रात राहिलेली थोडीशी मिरची तिच्यात मिसळली होती, आणि पहिल्याच न्हाण्यात माझ्या मुलीच्या डोक्याची आणि डोळ्यांची जी आग झाली, ती रात्रीपर्यंत शमली नाही. तेव्हापासून मी घरच्या मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडी थोडी पूड करते. दळताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. या धुळीने जोराच्या शिंका येतात, आणि दमा असलेल्या व्यक्तीने तर त्या खोलीत थांबूच नये.

पूड बारीक चाळणीने दोनदा चाळून, कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरावी. चाळून उरलेला जाड भाग टाकू नये, तो उकळून पाणी गाळून वापरता येतो.

ती वापरायची कशी? केसांत कण अडकून राहतात.

कण अडकतात कारण बहुतेक जणी पूड पाण्यात कालवून तशीच डोक्यावर थापतात. तीन मोठे चमचे पूड अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळावी आणि कोमट झाल्यावर जुन्या पंचाच्या किंवा मलमलीच्या दुहेरी फडक्यातून पिळून गाळावी. जे दाटसर तपकिरी पाणी मिळते, तेच न्हाण्यासाठी वापरायचे असते. अर्धे पाणी डोक्याच्या त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळावे, दोन मिनिटे थांबून धुवावे आणि उरलेले अर्धे पुन्हा लावावे. केसांच्या लांबीला वेगळे चोळण्याची गरज नसते, वरून ओघळणारे पाणी तेवढे काम करते.

शाम्पूसारखा फेस येणार नाही, आणि फेस नाही म्हणजे केस स्वच्छ झाले नाहीत असे मुळीच नाही. शिकेकाई आणि रिठा या दोहोंत सॅपोनिन नावाचे घटक असतात. त्यांचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते, त्यामुळे तेलकटपणा सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. डोळे मात्र घट्ट मिटून घ्यावेत. शिकेकाई डोळ्यांना झोंबते आणि रिठा तर त्याहून जास्त. लहान मुलांना न्हाऊ घालताना त्यांचे डोके मागे झुकवून पाणी ओतावे.

बंबातले पाणी अनेक घरांत अजूनही कढत घेतले जाते. अंगाला ते बरे वाटते, परंतु डोक्याला कोमटच पाणी घ्यावे. कढत पाण्याने त्वचेचा नैसर्गिक स्निग्धपणा अधिक निघून जातो आणि केस कोरडे, राठ होतात.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. त्याने केस चिकट होतात, ते का?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अनेकदा जास्त असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका थर तयार होतो, तोच केसांवर बसतो. शिकेकाईच्या पाण्याने असा साका तयार होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. शेवटचे एक-दोन तांबे पाणी नळाचे किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेतले, तर फरक लगेच जाणवतो.

खाण्याचा सोडा किंवा लिंबाचा रस डोक्याला लावावा का?

सोडा लावू नये. डोक्याची त्वचा आणि केस हे किंचित आम्लधर्मी असतात आणि सोडा अल्कधर्मी. त्याने केसावरचे खवल्यांसारखे आवरण उचलले जाते, केस गुंततात आणि तुटतात. अंगाच्या साबणाने केस धुण्याचा तोटाही हाच आहे. लिंबाचा निव्वळ रस दुसऱ्या टोकाला जातो. तो अतिशय आंबट असल्याने त्वचा चुरचुरते, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचेवर डाग वा फोडही येऊ शकतात. हवाच असेल तर एका तांब्याभर पाण्यात एक छोटा चमचा रस घालून शेवटचे पाणी घ्यावे आणि त्यावर पुन्हा साधे पाणी घ्यावे. शिकेकाईचे पाणी मुळातच सौम्य आम्लधर्मी असल्यामुळे तिच्या जोडीला लिंबाची गरज पडत नाही.

कोणते तेल सर्वांत चांगले?

केस तुटू नयेत यासाठी खोबरेल. ही केवळ आजीची सांगी नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली असता, केस धुताना आणि विंचरताना होणारी प्रथिनांची झीज केवळ खोबरेलाने कमी झाल्याचे आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते तेल केसाच्या आत शिरते, तर इतर तेले बहुतांशी वर राहतात. म्हणून धुण्याच्या आधी तेल लावणे हे धुऊन झाल्यावर लावण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते. रात्रभर ठेवलेच पाहिजे असे नाही, एक-दोन तास पुरतात.

तिळाचे तेल थंडीत बरे पडते. एरंडेल फार चिकट असते, ते एकटे कधीही लावू नये. चार चमचे खोबरेलात अर्धा चमचा मिसळावे, आणि लांब केसांवर ते चोळून लगेच धुण्याची घाई करू नये, कारण त्याने केस एकमेकांत घट्ट गुरफटून कापावे लागल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत.

माक्याचे तेल घरी करता येते का?

येते, आणि ते करण्यात मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद मिळतो. पावसाळ्यात माका बांधावर, पाटाच्या कडेला आणि ओलसर जागी भरपूर उगवतो. तो ओळखण्याची खूण अशी की त्याची पाने समोरासमोर आणि खरखरीत असतात, फुले लहान व पांढरी असतात आणि पान चुरडले की रस थोड्या वेळात काळा पडतो. दगडी पाला नावाची, पिवळसर फुलांची वनस्पती माका म्हणून पुष्कळदा उपटली जाते, तिचा रस असा काळा होत नाही. माका कोठून आणता यालाही महत्त्व आहे. उसाच्या फडात तणनाशक मारले असेल, तर तेथील माका घेऊ नये आणि जयंती नाल्यासारख्या सांडपाण्याच्या कडेचा तर मुळीच घेऊ नये.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचे जे सर्वसाधारण प्रमाण सांगितले आहे, ते एक भाग कल्क, चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव असे आहे. घरच्या मापात सांगायचे तर ६० ग्रॅम वाटलेला माका, पाव लिटर तेल आणि एक लिटर माक्याचा रस. एवढा रस निघत नसेल, तर माक्याचा काढा घालून द्रव पुरा करावा. जाड बुडाच्या पसरट भांड्यात, निम्म्याहून कमी भरेल असे हे सारे एकत्र करून अगदी मंद आचेवर ठेवावे आणि तळाला लागू नये म्हणून वरचेवर ढवळावे. दोन ते तीन तास लागतात. मध्येच उठून दुसऱ्या कामाला जाता येत नाही, कारण पाणी असलेले तेल एकदम उसळते. मुलांना त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

तेल तयार झाले हे घड्याळावरून ठरवायचे नसते. तळाचा कल्क बोटांत वळून पाहावा, त्याची वात वळली गेली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली असता तडतड आवाज न होता जळली, तर पाण्याचा अंश संपला असे समजावे. त्याच सुमारास तेलावर फेस येतो. येथेच विस्तव बंद करावा. आणखी पाच-दहा मिनिटे ठेवले, तर कल्क करपून तेलाला जळका वास लागतो, आणि आधी बंद केले तर राहिलेल्या पाण्यामुळे पंधरा दिवसांत तेलाला बुरशी येते. बाजारात हिरवा रंग घालून विकल्या जाणाऱ्या तेलापेक्षा घरचे तेल काळपट हिरवे आणि कमी सुगंधी असते, त्यात काही बिघडले नाही.

हेच तेल जास्वंदीच्या किंवा कढीपत्त्याच्या पानांचेही करता येते. मात्र चौदा वनस्पती एकाच कढईत घालण्याचा मोह टाळावा. पुरळ उठले, तर ते कशामुळे उठले हे शोधण्याचा मार्गच राहत नाही.

कोंडा झाला असता तेल लावावे का?

नाही. कोंडा म्हणजे कोरडेपणा, हा समज फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात बहुतेक कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा वाटा असतो. ती प्रत्येकाच्या डोक्यावर थोड्याफार प्रमाणात असते आणि त्वचेवरील स्निग्धांशावर जगते. तेल थापले की पापुद्रे चिकटून बसल्यामुळे दोन दिवस कोंडा दिसेनासा होतो आणि नंतर अधिक जोराने उलटतो. कोंडा असेपर्यंत आठवड्यातून दोन-तीन वेळा शिकेकाईने डोके धुवावे आणि तेल केवळ केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला लावावे. कडुनिंबाच्या पानांचे गाळलेले पाणी शेवटी घेतल्यास काहींची खाज कमी होते. तीन-चार आठवड्यांत उतार पडला नाही, तर औषधाच्या दुकानात मिळणारा केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरावा. घरगुती उपाय सोडला म्हणून त्यात कमीपणा नाही.

जास्वंद, कोरफड, मेथी, जवस, अंडे यांपैकी केसांना काय लावावे?

पहिल्या चारही वस्तूंचे काम बुळबुळीत चिकाचे आहे. हा चीक केसावर पातळ थर धरतो, त्यामुळे गुंता सुटतो आणि विंचरताना केस तुटत नाही. जास्वंदीची आठ-दहा पाने आणि तीन-चार फुले पाण्यात चुरगळून गाळलेला चीक मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्याचे कण राहत नाहीत. गणपतीला फुले वाहिल्यावर पाने परसात शिल्लक असतातच. मेथी रात्रभर भिजवून वाटली की उत्तम लेप होतो, पण तो धुऊन काढायला वेळ लागतो आणि वास दोन दिवस राहतो. जवसाचे दोन चमचे दोन वाट्या पाण्यात उकळून, चीक गरम असतानाच गाळावा, थंड झाल्यावर तो फडक्यातून उतरत नाही.

कोरफडीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. पान कापल्यावर सालीलगत पिवळा, कडू चीक येतो, त्याने अनेकांना खाज सुटते. पान कापून अर्धा तास उभे ठेवावे, तो चीक पूर्ण निथळू द्यावा, धुवावे आणि मग आतील पारदर्शक गरच घ्यावा.

अंड्यातील प्रथिनांचे रेणू इतके मोठे असतात की ते केसाच्या आत जाऊ शकत नाहीत. थोडी चमक येते, एवढेच. मला विचाराल, तर ते अंडे मुलीच्या ताटात वाढावे, केसांना त्याचा उपयोग तेथून अधिक होईल.

कांद्याच्या रसाने टक्कल जाते का?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात चाई पडलेल्या रुग्णांना कांद्याचा रस लावल्यावर अनेकांचे केस परत आल्याचे नोंदले आहे. परंतु चाई, म्हणजे नाण्याएवढे गोल चट्टे पडून केस जाणे, हा वेगळा आजार आहे आणि तो अनेकदा आपोआपही बरा होतो. पुरुषांचे कपाळावरून मागे सरकणारे टक्कल आनुवंशिक असते, त्याच्याशी या अभ्यासाचा संबंध नाही. रसाने त्वचा भाजल्यासारखी लाल झाली, तर तो लगेच बंद करावा.

मेंदीचा रंग गडद आणि टिकाऊ कसा यावा?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि ते केसातील केराटिनला घट्ट चिकटते. ते पानातून मोकळे व्हायला वेळ आणि किंचित आंबटपणा लागतो. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम निव्वळ मेंदीची पूड, कोमट चहाच्या पाण्यात दह्याइतकी दाट कालवून, एक चमचा लिंबाचा रस घालून सहा ते आठ तास झाकून ठेवावी. कडेला नारिंगी-तपकिरी छटा दिसू लागली की ती तयार झाली. धुतलेल्या, तेल नसलेल्या केसांना लावून दोन-तीन तास ठेवावी आणि केवळ पाण्याने धुवावी. तेल किंवा शिकेकाई दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी रंग भडक केशरी दिसतो म्हणून अनेक जणी घाबरतात, पण हवेशी संयोग होऊन तो दोन दिवसांत गडद होतो.

लोखंडी कढईत आवळ्यासह भिजवण्याची पद्धत खरी आहे. आवळ्यातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने काळा रंग बनतो, आणि त्यामुळे छटा तपकिरीकडे झुकते. मात्र अशी मेंदी लावलेल्या केसांना पुढे पार्लरमध्ये रासायनिक रंग वा ब्लीच करायचे असेल, तर तेथे आधी सांगावे, कारण धातूचा अंश असलेल्या केसांवर त्या रसायनांची अनपेक्षित क्रिया होऊ शकते.

शुद्ध मेंदीने केस काळे होत नाहीत. काळा रंग हवा असेल, तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. कपड्यांची नीळ नव्हे, नीळ या झुडपाच्या पानांची पूड. ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यावी, मेंदीसारखी रात्रभर ठेवली तर तिचा रंग निघून जातो. तास-दीड तासाने धुवावी. मेंदीशिवाय नुसती नीळ पांढऱ्या केसांवर निळसर दिसते.

‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पुडी चालेल का?

त्या पुडीवर पीपीडी, म्हणजेच पॅरा-फेनिलिनडायअमाइन, असे लिहिले आहे का ते पाहावे. अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या बहुतेक पुड्यांत हे रसायन असते. अनेकांना त्याने काही होत नाही, पण ज्यांना त्याची ॲलर्जी होते, त्यांचे डोके, पापण्या आणि चेहरा सुजतो, पाणी सुटते, श्वासाला त्रास होतो आणि ही ॲलर्जी जन्मभर राहते. माझ्या ओळखीतल्या एका काकूंना वीस वर्षे तोच रंग लावल्यानंतर अचानक असा त्रास झाला. त्यामुळे ‘मला आजवर काही झाले नाही’ हा आधार पुरेसा नाही.

कोणतीही नवी वस्तू, मग ती कितीही नैसर्गिक असो, आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास वाट पाहावी. लाली, खाज, पुरळ यांपैकी काही आले, तर ती डोक्याला लावू नये.

ताप किंवा बाळंतपणानंतर केस मुठीमुठीने गळत आहेत. काय लावावे?

काहीही लावून हे गळणे थांबत नाही, आणि बहुतेक वेळा थांबवण्याची गरजही नसते. डेंग्यूसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा उपासमारीसारखा आहार यांच्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. ताप ऑगस्टमध्ये आलेला असतो आणि केस दिवाळीत गळतात, त्यामुळे दोष दिवाळीच्या नव्या तेलाला दिला जातो. साधारण सहा महिन्यांत ते भरून येतात.

मात्र गळणे सहा महिन्यांहून अधिक चालले, गोल चट्टे पडले, त्वचेला पू किंवा खपल्या आल्या, भांग रुंद होत चालला किंवा जोडीला पाळी अनियमित असेल, थकवा असेल, तर लेप थांबवून तपासणी करावी. हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉईड यांची तपासणी येथे माक्यापेक्षा मोलाची आहे. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवावे.

शाळेतून मुलीच्या डोक्यात उवा येतात. रॉकेल लावावे का?

कधीही नाही. रॉकेलने त्वचा भाजते, ते पेट घेते आणि त्याचा वास फुप्फुसांना घातक असतो. ओल्या केसांना भरपूर खोबरेल किंवा जास्वंदीचा चीक लावून, बारीक दातांच्या फणीने बटा-बटा करून विंचरावे आणि प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसावी. लिखांतून सात ते दहा दिवसांत नव्या उवा निघतात, म्हणून हे दर तीन दिवसांनी, किमान दोन आठवडे करावे लागते. घरातील सर्वांचे डोके त्याच दिवशी पाहावे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर वापरतात, पण ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. मी ती मुलांना कधीच लावू देत नाही.

केसांत जट झाली आहे. ती कापावी की देवीची म्हणून ठेवावी?

हा प्रश्न आमच्या भागात हळू आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मोकळेपणाने देते. यल्लम्मावर श्रद्धा असलेल्या अनेक घरांत जट म्हणजे देवीची खूण मानली जाते आणि ती कापली तर कोप होईल, या भीतीने बायका वर्षानुवर्षे ते ओझे वागवतात. जट होते ती केस विंचरले न गेल्यामुळे, त्यांत मळ, घाम आणि चिकट पदार्थ साचल्यामुळे. आजारपणात, बाळंतपणात किंवा मनःस्थिती ठीक नसताना केसांकडे दुर्लक्ष झाले की ती सहज होते. पुढे तिच्यात उवा होतात, घाण वास येतो, मान दुखते, कुशीवर झोपता येत नाही.

गुंता नवा असेल, तर खोबरेल आणि जास्वंदीचा चीक मुरवून, खालच्या टोकापासून बोटांनी सोडवत वर जावे. एक-दोन दिवस लागतात, पण तो सुटतो. घट्ट झालेली जट सुटत नाही, ती कापावीच लागते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे कार्यकर्ते घरच्यांशी बोलून, त्या बाईची संमती घेऊन हे काम हळुवारपणे करतात. त्यांना बोलावण्यात संकोच करू नये. जट उतरल्यावर प्रथमच उशीवर नीट डोके टेकवणारी बाई मी पाहिली आहे. देवीवरची तिची श्रद्धा त्याने तसूभरही कमी झालेली नाही.

तान्ह्या बाळाला यातले काय चालते?

साधे खोबरेल आणि कोमट पाणी, एवढेच. तेलात कापूर घालू नये, दोन वर्षांखालील मुलांत त्याने झटके येऊ शकतात. मेंदीसुद्धा बाळाला लावू नये. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या मुलांत मेंदीने तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ व रक्तक्षय झाल्याची नोंद आहे, आणि ही कमतरता बाळात आहे की नाही हे पाहून कळत नाही.

केलेल्या वस्तू किती दिवस टिकतात?

पाणी असलेला प्रत्येक लेप त्याच दिवशी वापरावा. जवसाचा चीक किंवा शिकेकाईचे पाणी फ्रीजमध्ये फार तर तीन दिवस ठेवता येते. वास बदलला, तार आली किंवा वर साय धरली, तर ते टाकून द्यावे. जंतूंची वाढ डोळ्यांना दिसण्याच्या आधीच सुरू झालेली असते. नीट सिद्ध केलेले तेल गडद रंगाच्या कोरड्या बाटलीत, उन्हापासून दूर, सहा महिने राहते. ओला हात किंवा ओला चमचा त्यात घालू नये. शिकेकाईची पूड पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवून घट्ट झाकली की पुढच्या चैत्रापर्यंत चालते. उरलेली कालवलेली मेंदी बर्फाच्या कप्प्यात ठेवता येते, निळीची पूड मात्र कालवल्यावर ठेवता येत नाही.

गाळून उरलेल्या चोथ्याचे काय करावे?

तो न्हाणीच्या मोरीत टाकू नये, पाइप तुंबतो. शिकेकाई, माका आणि जास्वंदीचा चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा. रिठा जास्त असलेला चोथा मात्र माशांच्या टाकीजवळ, विहिरीत किंवा तळ्यात पडू देऊ नये, कारण त्यातील सॅपोनिन माशांना विषारी असते.